संगणकाच्या पोटातले पाणी

घरोघरी विज्ञान

वीज आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर ठेवायचे, हा धडा आपल्याकडे मूल चालायला लागले की सुरू होतो. ओल्या हाताने बटण दाबू नकोस, मिक्सर धुण्याआधी प्लग काढ, पावसात मीटरच्या पेटीजवळ जाऊ नकोस... अशा घरात कॉलेजात जाणारे चिरंजीव किंवा कन्यारत्न एके दिवशी जाहीर करते, "मी माझ्या संगणकात पाणी खेळवणार आहे!" तेव्हा तव्यावरची पोळी करपली तर दोष आईला देता येणार नाही.

पण घाबरण्याचे कारण नाही. हुरळून जाण्याचेही नाही. संगणक पाण्याने थंड ठेवण्याची पद्धत चांगली जुनी आहे, तिच्यामागचे शास्त्र सरळ आहे आणि ते समजले की आपल्या घरात तिची गरज आहे की नाही, हेही आपोआप समजते. लाखभर रुपयांच्या यंत्राच्या आत, त्याच्या नाजूक पाट्यांच्या अगदी वर पाणी फिरवायचे, म्हणजे निर्णय विचार करूनच घ्यायला हवा.

एवढी उष्णता येते कुठून?

संगणक काही उचलत नाही, ढकलत नाही, दळत नाही. म्हणून तो जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९९३ साली पेंटियम चिप बाजारात आली, तेव्हा ती १५-१६ वॉट वीज घेत असे. देवघरातल्या छोट्या दिव्याएवढी! आज चित्र पालटले आहे. २०२३ साली आलेली इंटेलची कोअर आय ९-१४९००के ही चिप पूर्ण जोरात असताना २५३ वॉटपर्यंत जाते. चित्रे रंगवण्याचे काम करणारे ग्राफिक्स कार्ड तर त्याहून खादाड. एनव्हिडियाच्या २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची मर्यादा ४५० वॉट आहे, तर २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट.

म्हणजे असा संगणक कामाला जुंपला, की दोन चिपा मिळून ७०० ते ८०० वॉट उष्णता ओकतात. आपली कपड्यांची इस्त्री साधारण १,००० वॉटची असते. फरक इतकाच की इस्त्रीचा तवा तळहाताहून मोठा असतो आणि संगणकाची ही सगळी आग दोन-तीन बोटांत मावतील एवढ्या तुकड्यांतून बाहेर पडते.

ती वेळेवर काढून नेली नाही तर काय होते? चिप लगेच जळत नाही. आजच्या चिपा शहाण्या असतात. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की त्या स्वतःच वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिल्या तर संगणक बंद पडतो. खेळ खेळणाऱ्याचा फार तर डाव बुडेल. पण घरात बसून लग्नाच्या चित्रफितींचे संपादन करणारा तरुण, इमारतींची त्रिमिती चित्रे काढणारी वास्तुविशारद मुलगी यांचा संगणक रात्र-रात्र पूर्ण जोरात चालत असतो. तिथे मंदावलेला वेग म्हणजे उशिरा दिलेले काम आणि हातचे गेलेले गिऱ्हाईक. उष्णतेचा प्रश्न तिथे हौसेचा राहत नाही, पोटाचा होतो.

पाणीच का?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. तापलेल्या दुधाचे पातेले पंख्याखाली ठेवले तर निवायला वेळ लागतो. तेच थंड पाण्याच्या परातीत ठेवले की लवकर निवते. एक किलो हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या चौपटीहून अधिक उष्णता एक किलो पाणी तेवढेच तापताना सामावून घेते. शिवाय हवा विरळ. त्यामुळे आकारमान सारखे घेतले तर पाण्याची ही ताकद हवेच्या सुमारे ३,५०० पट भरते. म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून वाहणारे पाणी जे काम करते, ते करायला मोठे पंखे आणि ढीगभर वारा लागतो.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाणी उष्णता खात नाही, फक्त वाहून नेते. पाणी हा हमाल आहे. चिपेपाशी बोजा उचलायचा आणि रेडिएटरपाशी उतरवायचा, एवढेच त्याचे काम. तिथून पुढे ती उष्णता पंखे ढकलतात ते तुमच्याच खोलीत. त्यामुळे या व्यवस्थेतले पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. पूर्ण जोरात काम चालू असताना ते खोलीहून दहाएक अंशांनी गरमच राहते. बंगळुरूच्या २५ अंशांच्या खोलीत पाणी ३५ अंशांवर राहील, पण नागपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या ३८ अंशांच्या खोलीत तेच ४८ च्या पुढे जाईल. ७०० वॉटचा संगणक चालू असेल तर एक टनी ए.सी.च्या ताकदीचा पाचवा हिस्सा एकट्या त्याच्यावरच खर्च होतो, हेही हिशेबात धरा. पाण्याने संगणक थंड राहतो, खोली नव्हे!

मोठ्यांच्या घरची रीत

ही कल्पना कुणा हौशी मुलाच्या डोक्यातून निघालेली नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांत पाणी खेळत होते. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाची तर पूर्ण यंत्रणा वीज न वाहणाऱ्या एका खास द्रवात बुडवून ठेवलेली असे. १९९० चे दशक संपता संपता पाश्चात्त्य देशांतल्या हौशी तरुणांनी मोटारीच्या हीटरची जाळी आणि माशांच्या टाकीचा पंप आणून घरच्या संगणकावर हेच प्रयोग सुरू केले. २००४ साली ॲपलने आपल्या पॉवर मॅक जी-५ या टेबलावरच्या संगणकाच्या सर्वांत वेगवान नमुन्यात द्रवाने थंड करण्याची सोय कारखान्यातूनच दिली. आणि आपल्याकडे, पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो.

पण महासंगणकाच्या दिमतीला अभियंते असतात. घरच्या संगणकाला तुम्हीच!

सात जणांचा संसार

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला तयार, बंद संच. पंप, नळ्या, रेडिएटर सगळे कारखान्यात जोडून, द्रव भरून येते. तो बसवायचा आणि विसरायचा. अनेक कंपन्या पाच-सहा वर्षांची हमी देतात. दुसरा प्रकार म्हणजे सुटे भाग निवडून स्वतः जुळवलेला फेरा. आजचा विषय तोच. त्यात सात गोष्टी लागतात.

पहिली, वॉटर ब्लॉक. चिपेवर घट्ट बसणारी तांब्याची ठोकळी. तिच्या पोटात कंगव्याच्या दातांसारखे, पण केसाच्या मापाचे बारीक पापुद्रे कोरलेले असतात आणि पाणी त्यांच्या फटींतून जाते. दुसरा, पंप. तो १२ व्होल्टवर चालतो. तिसरी, टाकी. चौथा, रेडिएटर, म्हणजे मोटारीत असतो त्याचाच धाकटा भाऊ आणि त्याला जोडलेले पंखे. पाचव्या, नळ्या. सहावे, जोड; त्यांचे आटे बहुतेक सगळीकडे 'जी १/४' या एकाच मापाचे असतात, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसतात. आणि सातवा, या सगळ्यांतून फिरणारा द्रव. तो जेमतेम लिटरभर लागतो.

रेडिएटर किती मोठा घ्यावा? हौशी मंडळींचा ठोकताळा असा, की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या जाळीमागे १०० ते १५० वॉट धरावेत. म्हणजे ७०० वॉटसाठी पाच ते सात पंख्यांची जागा हवी. एक तीन पंख्यांचा आणि एक दोन पंख्यांचा रेडिएटर घेतला तर काम भागते. आपल्याकडचा उन्हाळा बघता हात थोडा सैल सोडावा. आणि आधी पट्टी घेऊन पेटी मोजावी! रेडिएटर घरी आणल्यावर तो पेटीत मावत नाही, असे पुष्कळांचे होते.

कोणता भाग कुणानंतर जोडायचा यावर तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. वास्तविक तो वाद निरर्थक आहे. मिनिटाला साडेतीन लिटर पाणी फिरत असेल आणि ७०० वॉट उष्णता उचलायची असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम तीन अंशांनी तापते. म्हणजे फेऱ्यात सगळीकडे पाणी जवळजवळ सारखेच गरम असते. आधी चिप आली काय नि आधी कार्ड आले काय! अट एकच आहे: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवी. पंपाला वंगण मिळते ते पाण्यातूनच. कोरडा फिरला की तो बिघडलाच म्हणून समजा.

धातूंचे भांडण

आंबट ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये, हे आजीला माहीत होते. कल्हई का लावायची हेही माहीत होते. तोच विचार इथे हवा. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की त्यांची नकळत एक बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. बाहेरून काही दिसत नाही. काही महिन्यांनी पाणी गढूळ होते, ब्लॉकच्या फटी तुंबतात आणि शेवटी रेडिएटरला बारीक भोके पडतात.

म्हणून नियम साधा ठेवा. ब्लॉक तांब्याचा किंवा तांब्यावर निकेलचा मुलामा दिलेला, रेडिएटर तांब्या-पितळेचा, जोड पितळेचे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. घ्यायचाच असेल तर मग सगळाच संच ॲल्युमिनियमचा हवा. खरेदी करताना दुकानदाराला "आतला धातू कोणता?" हा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

कोणते पाणी घालावे?

नळाचे नाही, बोअरचे तर मुळीच नाही. बादलीच्या कडेला आणि कूलरच्या गवताला जो पांढरा क्षार धरतो, तोच ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत धरेल. आर.ओ.चे पाणीही चालत नाही, कारण पिण्यालायक राहावे म्हणून त्यात काही क्षार उरलेलेच असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पेट्रोलपंपावर मिळणारे पाणी पुष्कळ जण वापरतात, पण त्याचा दर्जा प्रत्येक ठिकाणी सारखा असेलच असे नाही. रसायनांच्या दुकानातून सीलबंद ऊर्ध्वपातित पाणी आणलेले बरे.

नुसते शुद्ध पाणीही पुरत नाही. त्यात शेवाळ आणि जंतू वाढू नयेत म्हणून एक औषध आणि धातू गंजू नयेत म्हणून दुसरे घालावे लागते. ही दोन्ही असलेला तयार द्रव मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा आणि शक्यतो बिनरंगी, पारदर्शक घ्यावा. दुधाळ, चकाकणारे रंगीत द्रव काचेतून दिसायला झोकदार, पण त्यांचे रंगकण कालांतराने तळाशी बसतात आणि फटी बुजवतात.

आयांसाठी एक महत्त्वाची सूचना. काही द्रवांत, विशेषतः मोटारीच्या रेडिएटरच्या द्रवात, एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. लहान मूल, कुत्रा किंवा मांजर यांच्या हाती-तोंडी ती बाटली लागता कामा नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत असा द्रव कधीही भरून ठेवू नका.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, मग गळले तरी बिघडत नाही, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. आठवडाभर धातूंतून फिरले की त्या पाण्यात क्षार उतरतात. शिवाय ते पडते ते संगणकातल्या धुळीवर! तेवढ्याने ते वीज वाहायला तयार होते.

जोडणी : घाई नको

सुरुवात स्वच्छतेपासून करा. नव्या रेडिएटरच्या आत झाळकामाचा चिकट अवशेष आणि धातूचा चुरा असतो. त्यात कोमट ऊर्ध्वपातित पाणी भरून, खळखळून ओतून टाकायचे. ओतलेले पाणी पांढऱ्या भांड्यात निथळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा! पाच-सहा वेळा तरी करावे लागते. हा टप्पा टाळणाऱ्याचा ब्लॉक दोन महिन्यांत तुंबतो.

चिप पुसून तिच्यावर उष्णता वाहणाऱ्या लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवा आणि ब्लॉक बसवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. ग्राफिक्स कार्डावर ब्लॉक बसवायचा तर त्याचे मूळ पंखे उघडावे लागतात. तसे केल्यास हमी राहते का, हे खरेदीपूर्वीच लेखी विचारून घ्या. पन्नास हजारांहून महाग वस्तूच्या बाबतीत तोंडी आश्वासनावर राहू नये.

नळ्या दोन प्रकारच्या. कडक आणि लवचीक. कडक नळ्या गरम हवेच्या बंदुकीने तापवून काटकोनात वाकवतात. दिसतात सुरेख, पण त्यासाठी हात बसावा लागतो. शिवाय पीईटीजी प्लॅस्टिकची नळी पाण्याचे तापमान ६० अंशांकडे झुकले की मऊ पडू लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने लवचीक नळी घ्यावी. पारदर्शक पीव्हीसी नळीतून तिला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू पाण्यात उतरते आणि नळी दुधाळ होते. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी, पण वर्षानुवर्षे टिकते. नळी धारदार पात्याने, अगदी काटकोनात कापा. तिरपा काप म्हणजे गळतीला आमंत्रण.

प्रत्येक जोडात रबराचे बारीक कडे असते. कुकरच्या झाकणाला रिंग असते तेच तिचे काम. जोड हाताने घट्ट करा, पान्ह्याने नाही. फार आवळला की कडे चेपते आणि जिथे गळायला नको तिथेच गळते. फेऱ्याच्या सर्वांत खालच्या ठिकाणी एक तोटी मात्र न विसरता बसवा. पाणी काढायची सोय नसलेली टाकी धुणे किती जिकिरीचे असते, हे गच्चीवर टाकी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटी, वीज पुरवणाऱ्या डब्याच्या बरोबर वर कुठलाही जोड येऊ देऊ नका. त्या डब्यात घरातली २३० व्होल्टची वीज येते. तो कधीही उघडू नका. संगणकाचा प्लग तीन पिनांचा आणि घराचे अर्थिंग चांगले हवे, हे सांगायलाच नको.

चोवीस तासांची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा. पाणी भरले, की लगेच संगणक सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरायचा!

आधी मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या विजेच्या सगळ्या तारा काढून ठेवायच्या. वीज फक्त पंपाला मिळाली पाहिजे. त्यासाठी वीजडब्याच्या २४ पिनांच्या टोकाला लावायचा एक छोटा जोडतुकडा बाजारात मिळतो. केसाची पिन वाकवून तिथे खुपसणारे महाभाग आहेत, पण चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करा, पुन्हा भरा. असे करत करत सगळा फेरा भरतो. पंप घुरघुरत असेल तर आत हवा आहे. पेटी हळूच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कलती करा, बुडबुडे टाकीत येऊन फुटतील.

मग पंप चोवीस तास तसाच चालू ठेवा. दर तासा-दोन तासांनी विजेरी घेऊन टिश्यू बघा. एकाही कागदावर ठिपका नको. हल्ली पाणी भरण्याआधीच हवेचा दाब देऊन तपासण्याचा छोटा हातपंपही मिळतो. सुमारे अर्धा बार दाब देऊन अर्धा तास थांबायचे. काटा खाली आला तर कुठेतरी गळते आहे. पैसे वसूल करणारी वस्तू आहे, पण तिच्यामुळे पुढची चोवीस तासांची परीक्षा माफ होत नाही.

चालू संगणकात गळती दिसलीच, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा, प्लग काढा. त्याआधी पेटीत हात घालू नका. पाणी टिपून घ्या, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढा, भिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि निदान दोन दिवस वाळू द्या. पुष्कळदा यंत्र वाचते. "चालतंय का बघू" म्हणून तासाभरात सुरू केलेले मात्र बहुधा जाते.

देखभाल : खरी कसोटी इथे

फेरा जुळवायला एक शनिवार-रविवार लागतो. सांभाळायचा मात्र तो वर्षानुवर्षे असतो, आणि उत्साह संपतो तो नेमका इथेच. कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात.

दर आठवड्याला : टाकीतली पातळी आणि पाण्याचा रंग बघा. नळ्यांच्या भिंतींतूनही पाण्याचा अगदी सूक्ष्म अंश उडून जातो, त्यामुळे पातळी काही महिन्यांत किंचित उतरणे स्वाभाविक आहे. आठवड्यात बोटभर उतरली तर ती गळती. पंपाच्या आवाजाकडे कान असू द्या.

दर महिन्याला : रेडिएटरच्या जाळीवरची धूळ संगणक बंद करून मऊ ब्रशने काढा. आपल्या शहरांत धूळ काय कमी आहे? जाळीवर धुळीची गोधडी बसली की आतले पाणी कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

दर वर्षी : सगळे पाणी काढून नवे भरा. ब्लॉक उघडा, जुन्या मऊ टूथब्रशने फटी घासा, रबरी कडी तडकली असतील तर बदला, चिपेवरचा लेप नवा लावा, आणि चोवीस तासांची परीक्षा पुन्हा घ्या. पाण्यात हिरवट झाक, तरंगणारे कण किंवा वास आला तर वर्ष संपायची वाट पाहू नका.

संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये पंपाचा वेग घसरल्यास इशारा मिळण्याची सोय बहुतेक मदरबोर्डवर असते. ती न चुकता चालू करून ठेवा.

हमखास विचारल्या जाणाऱ्या शंका

वीज गेली तर? पंप आणि संगणक एकदमच बंद पडतात, त्यामुळे काही बिघडत नाही. चिप तापवणारी वीजच तिथे नसते.

टाकीत बर्फ टाकला तर जास्त थंड होईल ना? मुळीच टाकू नका! थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो ब्लॉकला आणि नळ्यांना फुटेल आणि थेंब थेट मदरबोर्डवर पडतील. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर नक्कीच. साध्या फेऱ्यात ही भीती नाही, कारण त्यातले पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही.

आवाज कमी होतो का? होय, आणि हा याचा खरा फायदा आहे. मोठ्या जाळीवरचे पंखे सावकाश फिरले तरी पुरतात. मात्र डोक्यावर छताचा पंखा घरघरत असेल, तर ही शांतता ऐकू कशी येणार?

संगणक किती वेगवान होतो? पंख्यांनी नीट थंड राहणारा संगणक पाण्याने फार तर काही टक्क्यांनी वेगवान होईल. पंख्यांनी जो तापून मंदावत होता, त्याला मात्र चांगला फरक पडतो.

मग घ्यावे की नाही?

अभ्यास, पत्रव्यवहार, सिनेमा, बँकेचे व्यवहार यांसाठी वापरला जाणारा संगणक पंख्यावर सुखाने चालतो. मध्यम ताकदीच्या संगणकालाही दोन-चार हजारांचा चांगला पंखेदार कूलर पुरे होतो. त्याहून अधिक हवे असेल तर तयार बंद संच आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारांत तो सहज मिळतो. स्वतः जुळवायच्या फेऱ्याचा खर्च मात्र चिप आणि कार्ड दोन्ही धरल्यास अर्ध्या लाखाच्या पुढे सहज जातो आणि पुढे दर वर्षी द्रव, लेप, कडी यांची भर पडते.

तेव्हा तो ज्यांचा संगणक रात्रंदिवस पूर्ण जोरात राबतो त्यांनी, किंवा ज्यांना हे काम करण्यातच आनंद आहे त्यांनी घ्यावा. दुसरे कारणही काही हलके नाही. मोजणे, कापणे, धातू ओळखणे, चोवीस तास धीर धरणे आणि वर्षभर निगा राखणे, हे सगळे शिकवणारा छंद वाईट कसा म्हणावा? फक्त तो आरंभशूराचा छंद नव्हे. पंख्याच्या संगणकाकडे दुर्लक्ष केले तर तो गरम होतो. पाण्याच्या संगणकाकडे दुर्लक्ष केले तर तो आतून सडतो आणि एके दिवशी गळतो.

घरात हा हट्ट सुरू झालाच असेल, तर नकार देण्याआधी किंवा पैसे काढून देण्याआधी एक अट घालून बघा. आताचा संगणक महिन्यातून एकदा उघडायचा, धूळ साफ करायची, तापमान वहीत टिपायचे. अशी सहा महिन्यांची नोंद दाखव, मग पाण्याचे बोलू. वही पूर्ण भरली, तर खुशाल रेडिएटर मागवा. आणि दुसऱ्याच महिन्यात वही हरवली, तर तुमचे अर्धा लाख रुपये वाचले, असे समजा!